दुबार

समुद्र मी आयुष्यात तीनदा पाहिला. एकदा शाळेच्या सहलीत पोरं मोजता मोजता, एकदा मुंबईला शिक्षकांच्या मोर्चाला गेलो तेव्हा, आणि एकदा सौ.बरोबर गणपतीपुळ्याला. तिन्ही वेळा काठावरूनच. आम्ही हिंगोलीची माणसं, आमचं पाणी म्हणजे कयाधू, आणि तीही पावसाळा बरा झाला तर. त्यात गळ्यात माळ, त्यामुळे मासळी ताटात यायचा प्रश्नच नाही. अशा माणसाने खोल समुद्रातल्या शार्कवर लिहायला बसावं हे जरा अतीच होतंय, पण मंडळी, काही महिने हा मासा डोक्यातून जायला तयार नाही. लिहून मोकळा होतो.

दोष नातीचा. मुलीची मुलगी. ती उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालयात शिकते. हो, उदगीरला! समुद्र इथून शेकडो मैल, पण लातूर जिल्ह्यात माशांचं कॉलेज आहे, हे मलाही ती तिथे गेल्यावरच कळलं. दिवाळीला आली ती बॅगेत फराळाच्या डब्याशेजारी कागदांचं एक जुडगं घेऊन. सकाळी मी पेपर वाचत होतो, ती समोर बसून कागदावर रेघा मारत होती. मी सवयीने विचारलं, परीक्षा आहे का? म्हणाली, "नाही आबा, एक नवीन शार्क सापडलाय केरळात, तो जुन्यापासून वेगळा कसा ते बघतेय."

शार्क हा शब्द माझ्या कानावर पहिल्यांदा आला तो लहानपणी, शार्कोफेरॉलमुळे. आमच्या पिढीला ते गडद टॉनिक आठवत असेल. मी फार किडकिडा होतो, वडलांनी परभणीहून बाटली आणली होती. आजीला कुणीतरी सांगितलं की यात माशाचं तेल असतं, आणि ती बाटली घराबाहेर ओट्यावर गेली. मी चमचा घ्यायला ओट्यावर जायचो. असो.

तर हा नवा शार्क. नाव स्क्वालस हिमा. कोल्लमजवळ शक्तिकुळंगरा म्हणून मोठं मासेमारी बंदर आहे. तिथे ट्रॉलरवरून उतरलेल्या मासळीत तो मिळाला. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे डॉ. के. के. बिनीश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं वर्णन २०२४ साली संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलं, आणि २०२५ च्या सुरुवातीला ते वर्तमानपत्रांतही आलं. म्हणजे कुणी पाणबुडीत बसून अंधाऱ्या तळाशी जाऊन शोधलेला नाही. बंदरावर, बर्फात, इतर मासळीच्या ढिगात तो पडलेला होता. मला हे ऐकून जरा निराशाच वाटली होती. नात म्हणाली, "आबा, तेच तर! सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता."

शार्क म्हटलं की आपल्याला सिनेमातला जबडा आठवतो. हा तसला नाही. स्क्वालस कुळातले हे शार्क हातभर, दोन हात लांब, सडपातळ, करडे, मोठ्या डोळ्यांचे. काही शे मीटर खोलीवर राहणारे. इंग्रजीत यांना डॉगफिश म्हणतात. पाठीवर दोन पर, आणि प्रत्येक पराच्या पुढे एक टोकदार काटा. पोटाखाली शेपटीजवळ बऱ्याच शार्कना एक पर असतो, तो यांना नाही. एवढं पाहिलं की मासा या घराण्यातला आहे की नाही हे बहुतेक कळतं. पण घराण्यातला नेमका कोण, हे ठरवायला लागलं की पंचाईत. कारण सगळे भाऊ एका साच्यातले.

मी म्हटलं, रंगावरून ओळखत असतील. ती हसली. रंग पाहतात, पण मासा मेला की रंग उतरतो, फॉर्मलिनमध्ये आणि मग अल्कोहोलमध्ये ठेवला की आणखी उतरतो. परांच्या कडेला पांढरी किनार किंवा काळा डाग असेल तर त्याचा उपयोग होतो, म्हणून ताजा असतानाच फोटो काढून ठेवायचे. मग मापं घ्यायची. नाकाच्या टोकापासून डोळ्यापर्यंत, तोंडापर्यंत, पहिल्या पराच्या मुळापर्यंत, पराची उंची, काट्याची लांबी, डोक्याची उंची, धडाची उंची... कितीतरी. आणि प्रत्येक माप माशाच्या एकूण लांबीच्या टक्क्यांत लिहायचं, म्हणजे लहान-मोठे मासे एकमेकांशेजारी ठेवता येतात. ही टक्केवारी मला आवडली. चाळीस विद्यार्थ्यांची असो की शंभरांची, शाळेचा निकाल आम्ही टक्क्यांतच लावायचो.

पण मापंही फसवतात. पिल्लाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, गाभण मादीचं पोट सुटलेलं असतं, नर-मादीत फरक असतो. म्हणून एका माशावर काही ठरवता येत नाही, बरेच लागतात. आणि म्हणूनच मणके मोजतात. मणक्यांची संख्या पिल्लू पोटात असतानाच ठरते, मासा वाढला म्हणून मणके वाढत नाहीत. शार्कला आपल्यासारखी हाडं नसतात, सगळा सांगाडा कुर्चेचा, म्हणजे आपल्या कानाचा असतो तसला. पण मणक्यांत चुना साठतो, त्यामुळे ते एक्स-रेवर दिसतात. माशाला फिल्मवर आडवा ठेवायचा, फोटो काढायचा, आणि मानेपासून शेपटीपर्यंत एकेक मणका मोजायचा. शेपटीच्या पराच्या आधी किती, एकूण किती. माझ्याही मणक्यांचा नांदेडला असा फोटो काढला होता. डॉक्टरांनी पेनाच्या टोकाने चौथा आणि पाचवा दाखवून पुढे वाकायचं नाही म्हणून सांगितलं होतं. एवढं सोडलं तर शार्कचं आणि माझं काही साम्य असेल असं वाटलं नव्हतं.

हिमाचा सगळ्यात जवळचा भाऊ म्हणजे स्क्वालस लालानेई. सेशेल्स बेटांजवळच्या खोल पाण्यातून २००३ साली त्याचं वर्णन झालं होतं. दुसरा त्याच्यासारखाच दिसणारा स्क्वालस मित्सुकुरी, जपानचा, १९०३ सालचा. या दोघांपासून हिमाला वेगळं काढलं ते कशाकशावर, तर शेपटीआधीचे मणके, एकूण मणके, दातांची संख्या, डोक्याची आणि धडाची उंची, परांची ठेवण आणि परांचा रंग. यातली कुठलीच खूण एकटीने पुरत नाही. सगळ्या मिळून म्हणायचं की हा तो नव्हे. शास्त्रीय लेखात या परिच्छेदाला डायग्नोसिस म्हणतात. मी म्हटलं, अगं, ही तर ओळखीची खूण! आमच्या सेवापुस्तकात पहिल्याच पानावर असायची. माझी "उजव्या हनुवटीखाली तीळ". हनुवटीला उजवं-डावं कुठून आलं हे पस्तीस वर्षांत कुणी विचारलं नाही.

या मित्सुकुरीची गोष्ट मात्र मी तिच्याकडून दोनदा ऐकून घेतली. १९०३ ला जपानच्या माशाला ते नाव दिलं. पुढे जगात कुठेही तसल्या चेहऱ्याचा डॉगफिश जाळ्यात आला की लोक तेच नाव लिहीत गेले. ऑस्ट्रेलियात मित्सुकुरी, हवाईत मित्सुकुरी, अमेरिकेजवळ मेक्सिकोच्या आखातात मित्सुकुरी, आपल्या अरबी समुद्रातही मित्सुकुरी. एक मासा अर्ध्या जगात पसरलेला! शंभर वर्षं यात कुणाला फारसं खटकलं नाही. मग २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी आपल्याकडचे नमुने मांडून बसून मोजले, आणि जुन्या नावांखालून डॉगफिशच्या कितीतरी नव्या जाती बाहेर निघाल्या. २०१८ मध्ये मेक्सिकोच्या आखातातला मित्सुकुरी वेगळा ठरला, त्याला युजिनी क्लार्क या शार्कवर आयुष्य घालवलेल्या बाईंचं नाव मिळालं, स्क्वालस क्लार्की. हवाईतलाही त्याच वर्षी वेगळा झाला. या कामात मोजमापांच्या जोडीला जनुकंही तपासली होती.

मी सरळ विचारलं, "पण पोरी, याने फरक काय पडतो? माशाला कुठे माहीत आहे तो मित्सुकुरी आहे का हिमा. एक नाव जास्त झालं एवढंच ना?"

प्रश्न शिक्षकाला शोभणारा नव्हता, पण विचारला. माझं स्वतःचंच उदाहरण डोळ्यांसमोर होतं. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. आदल्या रात्री परभणी जिल्ह्यात झोपलो, सकाळी हिंगोली जिल्ह्यात उठलो. घर तेच, कयाधू तीच. पत्त्यात बदल.

तिने कागद बाजूला ठेवला. म्हणाली, "आबा, समजा एका बंदरावर दरवर्षी शंभर टोपल्या डॉगफिश उतरतात. वहीत लिहिलंय डॉगफिश, शंभर. पुढच्या वर्षी शंभर, त्याच्या पुढच्या वर्षी शंभर. सगळं ठीक चाललंय ना? पण त्यात दोन जाती होत्या. पहिल्या वर्षी पन्नास-पन्नास. पाचव्या वर्षी एकीच्या पंच्याण्णव आणि दुसरीच्या पाच. वही शंभरच सांगणार. दुसरी संपली तरी वहीला कळणार नाही, कारण वहीत ती कधी नव्हतीच."

आकडे तिने समजावून सांगण्यासाठी घेतले होते. पण पुढे जे सांगितलं ते खरं. या माशांच्या यकृतात तेल भरपूर असतं. इतर माशांच्या पोटात असते तशी हवेची पिशवी शार्कला नसते, म्हणून हलकं राहायला हे तेल. त्यातलं स्क्वालीन औषधांत आणि तोंडाला लावायच्या महागड्या क्रीममध्ये जातं. त्या द्रव्याचं नावच मुळी स्क्वालसवरून पडलं. मांसालाही गिऱ्हाईक, परांनाही. खोल पाण्यातल्या कोळंबीसाठी टाकलेल्या जाळ्यांत हे मासे आपोआप येतात. आणि वाढतात सावकाश, वयात उशिरा येतात, पिल्लं थोडी. यांच्यातला थंड समुद्रातला एक चांगला अभ्यासलेला भाऊ आहे, स्क्वालस अकॅन्थियस, त्याच्या मादीचा गाभणकाळ जवळजवळ दोन वर्षांचा. हत्तिणीच्या बरोबरीचा! असा प्राणी एकदा कमी झाला की लवकर भरून येत नाही.

मी काही बोललो नाही. चहा पुढ्यात गार झाला. सौ. आतून म्हणाली, एकादशीचं तरी घरात मासळी बोलू नका. आम्ही दोघं अंगणात गेलो.

नातीला मी जे सांगितलं नाही ते इथे लिहितो. घरातले वाचतीलच, वाचू देत.

१९८३ सालची गोष्ट. कळमनुरी तालुक्यातल्या एका खेड्यात दोन शिक्षकी शाळेवर माझी बदली झाली. गाव मी लिहीत नाही. जानेवारीत हजर झालो. दुसरीच्या हजेरीत एक नाव दोनदा होतं. नाव तेच, आडनाव तेच, आणि वडलांच्या नावातही अर्ध्या अक्षराचा फरक, जो माझ्या आधीच्या हस्ताक्षरात फरक आहे का शाईचा ओघळ, हे कळत नव्हतं. तेव्हा रजिस्टरात आईचं नाव लिहीत नसत. मी नाव पुकारलं की एक पोरगा उठून हजर म्हणायचा. दुसऱ्यांदा पुकारलं की वर्ग हसायचा. दोन-तीन दिवसांनी मी दुसऱ्यांदा पुकारणं सोडून दिलं. जूनमध्ये तिसरीची हजेरी नव्याने लिहिली तेव्हा जुन्या पानावर त्या दुसऱ्या नावापुढे लाल शाईने "दुबार" लिहिलं आणि नव्यात एकच नाव उतरवलं. पट स्वच्छ झाला. अक्षर माझं चांगलं होतं, नवी हजेरी पाहून मलाच बरं वाटलं होतं.

दुबार नव्हतं ते. दुसरा मुलगा होता. दसरा झाल्यावर आई-बापाबरोबर ऊसतोडीला गेला होता, खाली कोल्हापूरकडे. गावाला विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं. गाव त्यांना पाराजवळचा आणि ओढ्यापलीकडचा म्हणायचं. त्या गावात माझ्याशिवाय कुणाचाच त्या दोघांत घोटाळा होत नव्हता. मी गावाला विचारलं नाही, कागदाला विचारलं.

शाळा सुरू झाल्यावर आठवड्याने तो दारात येऊन उभा राहिला. मी नाव विचारलं. त्याने सांगितलं. मी म्हटलं, ते नाव तर आधीच बसलंय, तो काय तिथे. पोरं हसली. मीही हसलो असणार. म्हटलं, उद्या वडलांना घेऊन ये. पेरणीचे दिवस, वडील कसले येतात. तो तीन दिवस मागे भिंतीला टेकून बसला. हजेरीत नाव नसल्याने तीनही दिवस मी त्याला हाक मारली नाही. चौथ्या दिवशी आला नाही. माझ्या वर्गाची उपस्थिती त्या वर्षी फार चांगली होती. तपासणीच्या वेळी शेरापुस्तकात तसा शेराही मिळाला.

हे मला केव्हा कळलं? २०११ साली. मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. दुपारी एक माणूस दारात आला, चपला बाहेर काढून उभा. मुलाच्या जात पडताळणीसाठी त्याला स्वतःच्या शाळेचा दाखला हवा होता. शाळेत गेल्यावर हजेरीत नाव सापडेना, कुणीतरी सांगितलं त्या वेळचे गुरुजी हिंगोलीला असतात. मी नाव विचारलं. त्याने सांगितलं, आणि मी म्हणालो, अरे, तू तर अमुक ना, तुझं सगळं रेकॉर्ड आहे की. तो म्हणाला, "नाही गुर्जी, तो पाराजवळचा. मी ओढ्यापलीकडचा. तुमी म्हणला व्हतात, तुझं नाव आधीच बसलंय."

अठ्ठावीस वर्षांनी. शब्द न् शब्द. रागाने नाही, मला आठवावं म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर शाळेत गेलो. हजेरीच्या जुन्या पानावर माझ्याच अक्षरात दुबार. पण जनरल रजिस्टर असतं, त्यात पहिलीत दाखल होताना झालेली नोंद कुणी हलवत नाही. आम्ही ते मोठं रजिस्टर काढलं, धूळ झटकली. दोन नोंदी होत्या, सात क्रमांकांच्या अंतराने. नाव, आडनाव सारखं. वडलांचं नाव वेगळं, जन्मतारखेत चार महिन्यांचा फरक, जन्मगाव वेगळं. इतकं सोपं होतं. चार रकाने आडवे वाचले असते तर. दाखला मिळाला, त्यावर जिल्हा परभणी, मुलाचं काम झालं. जाताना तो पाया पडला. मला ते सहन झालं नाही, मी त्याला अर्ध्यावरच धरला.

नात सांगत होती, नवी जात जाहीर करताना एक मासा नमुना म्हणून नेमतात, त्याला होलोटाइप म्हणतात. तो बरणीत घालून, क्रमांक देऊन संग्रहालयात कायमचा ठेवायचा. उद्या कुणी म्हणालं की हिमा म्हणजे वेगळं काही नाही, लालानेईच आहे, तर त्याने ती बरणी उघडावी आणि मोजावं. असं होतंही. वेगळ्या ठरवलेल्या जाती पुढे एकच निघतात, तेव्हा जुनं नाव राहतं आणि नवं खोडलं जातं. खोडण्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तिथे खोडणारा आधी बरणी उघडतो. दोन्ही शेजारी ठेवून मणके मोजतो, आणि काय मोजलं ते लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्याला त्याची चूक काढता येते. माझ्या लाल शाईखाली कारण लिहिलेलं नव्हतं. नुसतं दुबार.

पाराजवळचा पुढे शिकला, वसमतला हळदीच्या अडतीवर मुनीम आहे. लग्नकार्यात भेटला की गुरुजी म्हणून सगळ्यांना ओळख करून देतो. त्याला यातलं काही माहीत नाही. ओढ्यापलीकडचा अजून हंगामात जातो की थांबला, मला कळलेलं नाही. त्याच्या मुलाचा मात्र मागे फोन येऊन गेला, नोकरी लागल्याचा. नंबर मी वहीत लिहून घेतला, नावापुढे कंसात ओढ्यापलीकडचा.

परवा नातीने फोनवर एक फोटो पाठवला. कॉलेजच्या सहलीत कोकणात गेली होती, तिथल्या बंदरावर लिलावाच्या जागी दोन मुशी शेजारी शेजारी ठेवलेल्या, करड्या, ओल्या. खाली लिहिलेलं, "आबा, सांगा बघू, एकच का वेगवेगळ्या?" मी चष्मा लावला, भिंग घेतलं, फोटो मोठा करून पाहिला. एकीच्या पराची कड जरा फिकी वाटली, पण तिथे उजेडही जास्त होता. सौ.लाही दाखवला. ती म्हणाली, दोन्ही सारख्याच दिसतात, आणि आता फोन ठेवा, जेवायला बसायचंय.

मी नातीला लिहिलं, मोजल्याशिवाय नाही सांगणार.